भिंतीचा रंग नंतर ठरवा, आधी घरात कोण राहणार ते बोला

पणजीवरून दोन पार्ट्यांचं कायम वाजत असतं. एक पार्टी म्हणते साडेचारशे वर्षांच्या गुलामीच्या खुणा आता पुसा, नावं बदला, त्या निळ्या टाइल्सचं कौतुक पुरे झालं. दुसरी म्हणते अहो काय बोलताय, हेच तर गोव्याचं वेगळेपण, हा भारतातला छोटा युरोप, याला हात लावाल तर टुरिस्ट येणार कशाला. 2023 मध्ये पोर्तुगीज खुणा पुसायची भाषा थेट सरकारी व्यासपीठावरून झाली तेव्हा दोन्हीकडून नुसता धुरळा उडाला होता. मी दोन्ही बाजू वाचल्या, आणि मला वाटत राहिलं की हे भांडण चालू असताना मळा, सांतोमे, फोंताइन्हास या भागातल्या एकेका घराचे वासे वाळवी खातेय, एकेक छप्पर बसतंय, आणि त्याचा ना देशभक्तीशी संबंध ना पोर्तुगीजप्रेमाशी. ती घरं पडतायत कारण त्यांचे वारस पंधरा आहेत आणि राहणारी म्हातारी एकटी आहे, कारण भाडं साठ-सत्तर सालातलं आहे आणि सुताराची मजुरी आजची आहे. माझं म्हणणं एवढंच की जुन्या पणजीचा प्रश्न हा राहत्या माणसांचा प्रश्न आहे, आणि सरकारने जो पैसा रंग, फरसबंदी आणि फॅन्सी दिव्यांवर घातला तो आधी छपरांवर आणि कागदपत्रांवर घालायला हवा होता.

आम्ही सावंतवाडीकडचे. आमच्यासाठी पणजी हे कधी 'डेस्टिनेशन' नव्हतं. बाजार, कोर्टाचं काम, नातेवाईक, नाटक, आणि मोठं आजारपण आलं की गोवा मेडिकल कॉलेज, जे आता बांबोळीला आहे पण आमच्या आधीच्या पिढीला ते पणजीत नदीकाठी असलेलंच आठवतं. 1842 ची ती वैद्यकीय शाळा, आशियातल्या जुन्यातल्या जुन्या पाश्चात्य वैद्यक शिकवणाऱ्या संस्थांपैकी एक. तिथल्या जुन्या इमारतीत आता फिल्म फेस्टिव्हलचा कारभार चालतो. तर सांगायचा मुद्दा, हे शहर मी 'किती क्यूट' म्हणून बघायला शिकलो नाही, त्यामुळे कदाचित मला त्याचं गळकं छप्पर आधी दिसतं.

पण शहर उभं कसं राहिलं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये आदिलशहाकडून गोवा घेतलं ते आजचं जुनं गोवं, पणजीपासून मांडवीत वर दहाएक किलोमीटर. पणजी तेव्हा काय होती, तर नदीकाठचा आदिलशहाचा वाडा, माड, चिखल, मिठागरं आणि कोळ्यांची घरं. जुन्या गोव्यात साथी सुरू झाल्या, पटकी, हिवताप, पाणी खराब, गाव ओस पडत गेलं.  1759 मध्ये व्हाइसरॉयने सरळ आपलं बिऱ्हाड पणजीतल्या त्याच आदिलशाही वाड्यात हलवलं. नंतर पोर्तुगालचा मंत्री पोम्बाल याने ते जुनं शहर पुन्हा वसवायचा हुकूम काढला, काही जमलं नाही. 1827 ते 1835 या काळात दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रु नावाचा गव्हर्नर होता, त्याने दलदल भरून घेतली, सरळ रस्ते आखले, आज आपण ज्याला पणजीचं मधलं शहर म्हणतो त्याचा आराखडा बराचसा त्याच्या काळातला. आणि 1843 मध्ये राणीच्या फर्मानाने पणजी 'नोव्हा गोवा' या नावाने अधिकृत राजधानी झाली. म्हणजे बघा, राजधानी आधी ऐंशीएक वर्षं चालू, कागद नंतर. गोव्यातली बरीच कामं अजून याच क्रमाने होतात.

या सगळ्यात माझी आवडती गोष्ट म्हणजे रायबंदरचा रस्ता. पणजी आणि रायबंदर यांच्यामध्ये खाजन, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी सखल जमीन, आणि मिठागरं होती, त्यातून 1633-34 मध्ये लिन्यारीशच्या काउंटने जवळजवळ तीन किलोमीटरचा बांध घातला, पोन्त द लिन्यारीश. जांभ्या दगडाचा, भरतीचं पाणी खालून ये-जा करेल असा. त्यावरून आज बस, टेम्पो, टँकर सगळं धडधडत जातं. आणि याच मांडवीवर 1970 साली बांधलेला पूल 5 जुलै 1986 ला कोसळला, मग 1992 मध्ये नवीन पूल होईपर्यंत लोकांनी फेरीबोटींवरून दिवस काढले. आता 2019 पासून वरून केबलचा तिसरा पूल जातो. मी काही जुनं ते सोनं म्हणणारा नाही, जुन्या गोव्यातला ऑगस्टिनियन मठही जुनाच होता आणि माणसं निघून गेल्यावर तो छपरासकट पडला, मनोऱ्याचा अर्धाच भाग उरलाय, त्याची घंटा 1871 मध्ये पणजीच्या चर्चवर आणून टांगली ती तेवढी वाजते. लिन्यारीशचा बांध टिकला त्याचं साधं कारण म्हणजे तो एक दिवसही वापरातून गेला नाही. वापर आहे म्हणून दुरुस्ती होते. घरांचंही हेच आहे आणि पुढे मी सगळं याच मुद्द्यावर आणणार आहे.

आता पुसा-पार्टीला उत्तर. तुम्ही ज्याला पोर्तुगीज वस्ती म्हणताय ती पोर्तुगीजांची होती कधी? फोंताइन्हासची सुरुवात, असं सांगतात, मोझांबिकहून पैसा करून परत आलेल्या एका गोवेकराच्या माडाच्या बागेतून झाली. लोक त्याला मोसमीकार म्हणत. अल्तिन्योच्या टेकडीच्या पायथ्याला झरे, पुढे ओरेमची खाडी, मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरं दाटीने उभी राहिली. राहणारे कोण, तर सरकारी कारकून, छापखान्यातले, शिक्षक, वकील, शिंपी, नोटरी. गोवेकरच, बहुतेक ख्रिस्ती. पलीकडे मळ्यात मारुतीचं देऊळ, त्याची फेब्रुवारीतली जत्रा आजही पणजीची मोठी जत्रा. शहरात महालक्ष्मीचं देऊळ 1818 चं, म्हणजे पोर्तुगीज असतानाच परवानगी मिळवून बांधलेलं. आणि जुन्या सचिवालयाच्या, म्हणजे त्याच आदिलशाही वाड्याच्या, जवळच म्हामय कामतांचं घर, व्यापारी घराणं, त्यांच्या दप्तरात पोर्तुगीज, फ्रेंच, मोडी मराठी असे सगळे कागद निघाले, त्यात तंबाखू आहे, अफू आहे, आणि फ्रेंचांच्या गुलामव्यापाराच्या नोंदीही आहेत. म्हणजे हे शहर बांधलं गोव्याच्या गवंड्यांनी, चिरे गोव्याचे, कौलं मंगळुरी, खिडक्यांच्या तावदानात शिंपले नदी-समुद्रातले, पैसा काही मोझांबिकचा, काही गुलामांच्या आणि अफूच्या धंद्यातला, हिशेब मराठीतसुद्धा लिहिलेला. यातून 'परकीय' तेवढं वेगळं काढून फेकणार कसं ते मला कोणी सांगावं.

शिवाय पुसलं की पुरावा जातो हे या लोकांच्या लक्षात येत नाही. फोंताइन्हासच्या टोकाला सान सेबास्तियांवचं छोटं चॅपल आहे, एकोणिसाव्या शतकातलं. आत एक क्रूस आहे ज्यावरचा येशू डोळे उघडे ठेवून बघतोय. हा क्रूस मुळात जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्म तपासून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, वाड्यात होता, तिथून पणजीच्या राजवाड्यात आला आणि 1918 मध्ये या चॅपलमध्ये. ते इन्क्विझिशनचं न्यायालय 1560 ला सुरू झालं आणि मधली काही वर्षं सोडली तर 1812 पर्यंत चाललं. ज्यांना पोर्तुगीजांचा जुलूम पुढच्या पिढीला दाखवायचाय त्यांना यापेक्षा थेट वस्तू कुठे मिळणार? आणि ज्यांना फक्त गोडगोड गोवा दाखवायचाय ते टूर गाइड याच चॅपलसमोर उभे राहून पिवळ्या भिंतीचा अँगल सांगतात. तिथेच उभं राहून दोन मिनिटं इन्क्विझिशनबद्दल बोललं तर काय बिघडणार आहे.

नावांचंही तसंच. बदलायची ती नावं लोकांनी केव्हाच बदलली आहेत आणि चांगली बदलली आहेत. पणजीचा मुख्य बाजाररस्ता अठरा जून रस्ता, 1946 मध्ये लोहियांनी मडगावात सभा घेऊन गोवामुक्तीची ठिणगी टाकली ती तारीख. नदीकाठचा रस्ता गोव्याचे पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या नावाचा. ज्या छत्रीखाली गोवा जिंकणाऱ्या आल्बुकेर्कचा पुतळा होता ते मैदान आझाद मैदान झालं आणि पुतळा जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये गेला, जिथे तो शोभतो. आणि जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा, कांदोळीचा मुलगा, युरोपात जाऊन संमोहनशास्त्रात नाव काढलेला, तो पुतळा 1945 मध्ये रामचंद्र कामत नावाच्या गोवेकर शिल्पकाराने केला. पोर्तुगीज राज्य चालू असताना, गोवेकराने केलेला गोवेकराचा पुतळा. हा पुसायच्या यादीत की ठेवायच्या?

तेव्हा पहिल्या पार्टीचं झालं. पण दुसरी पार्टी मला जास्त धोकादायक वाटते, कारण ती प्रेमाने मारते.

'भारतातला युरोप' म्हणणाऱ्यांना घरं हवीत, घरातली माणसं अडचणीची वाटतात. रीलमध्ये फोंताइन्हासला बिनधास्त 'युनेस्को वर्ल्ड हेरिटेज' म्हणतात, तसं ते नाहीये, जागतिक वारशाच्या यादीत 1986 मध्ये गेली ती जुन्या गोव्यातली चर्चेस आणि मठ. पण रीलला काय. सकाळी सातला पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत पोई-उंडे घेऊन येतो त्याच्या मागोमाग प्री-वेडिंगवाले, तीन ड्रेस, एक रिफ्लेक्टर, एक ड्रोन. लोकांच्या पायऱ्यांवर बसायचं, लोकांच्या खिडकीच्या गजांना धरायचं, आतून कोणी बाई बाहेर आली तर तिलाच सांगायचं काकी जरा दोन मिनिटं आत जा ना. मग लोकांनी फोटो काढू नये असे बोर्ड लावले तर त्या बोर्डांचेही फोटो. यात आपण मराठी लोक मागे आहोत असं कृपया समजू नका, पुण्या-मुंबईच्या नंबरप्लेटा बघितल्या की कळतं. तुमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या दारात, आजोबा बंडीवर बसलेले असताना, परगावचा कोणी येऊन त्यांना फ्रेममधून बाजूला व्हा म्हणाला तर त्याला काय काय ऐकायला मिळेल याची कल्पना करा. इथली माणसं त्या मानाने फारच सोसतात.

आणि सोसणं हा वरवरचा त्रास आहे. खरा त्रास भिंतीच्या आत आहे. ही घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्याची. जांभा पाणी पितो आणि सोडतो. त्यावर चुन्याचा गिलावा असायचा, चुना शिंपले भाजून केलेला, तो भिंतीला श्वास घेऊ देतो, आणि वर चुन्यात रंग मिसळून हात मारायचा. पावसाळ्यानंतर तो हात दरवर्षी द्यावाच लागायचा, कारण गोव्याच्या पावसात चुन्याचा रंग दोन पावसाळे टिकत नाही. पोर्तुगीज काळात घर दरवर्षी रंगवायचा नियमच होता आणि पांढरा रंग फक्त चर्चला असं सगळे सांगतात. नियम असो नसो, गरज होती. आता होतं काय, चुना करणारा नाही, म्हणून सिमेंटचा गिलावा मारतात, वर प्लॅस्टिक पेंट. वर्षभर भिंत अगदी फोटोजेनिक दिसते. आत ओल कोंडते, चिरा भुसभुशीत होतो, मग एक दिवस गिलावा पापुद्र्यासकट पडतो. म्हणजे सरकारी खर्चाने एखादी गल्ली 'ब्युटिफाय' करून भडक रंग मारला की भिंतीचं आयुष्य उलट कमी होऊ शकतं. हे कॉन्झर्व्हेशनवाल्या आर्किटेक्टना माहीत आहे, जुन्या गवंड्यांनाही माहीत आहे, टेंडर काढणाऱ्यालाच ते माहीत नसतं.

छप्पर तर त्याहून कटकटीचं. मंगळुरी कौलं दर एक-दोन वर्षांनी परतावी लागतात, फुटकी बदलायची, रिपा तपासायच्या, वाशांना वाळवी लागली का बघायचं. एक कौल सरकलं आणि एक पावसाळा तसंच राहिलं की वासा कुजतो, वासा गेला की भिंतीचं डोकं उघडं पडतं, आणि चिऱ्याच्या भिंतीत वरून पाणी शिरलं की तीन-चार पावसाळ्यांत खेळ खलास. म्हणजे दुरुस्ती वेळेत झाली तर काही हजारांत आणि नाही झाली तर काही लाखांत. सगळा प्रश्न 'वेळेत कोण करणार' हा आहे.

कोण करणार? मालक. मालक कोण? इथे खरी गंमत आहे. गोव्यात 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता, 1870 पासून लागू. आता 2012 चा वारसाहक्काचा गोव्याचा स्वतःचा कायदा आहे पण मूळ तत्त्व तेच ठेवलंय. लग्न झालं की साधारणपणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, आणि मेल्यानंतर निम्मा हिस्सा मुलांचा म्हणजे मुलांचाच, मृत्युपत्राने तो हिरावून घेता येत नाही, मुलगा-मुलगी असा भेद नाही. मला हा कायदा मनापासून आवडतो, उर्वरित देशभर हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जे 2005 मध्ये मिळालं ते इथे कितीतरी आधीपासून होतं. पण घर ही वस्तू अशी आहे की तिचे तेरा तुकडे होत नाहीत. आजोबांचं एक घर, त्यांना सहा मुलं, त्यांची मिळून वीस नातवंडं, त्यात प्रत्येकाचा नवरा किंवा बायको सही करायला लागणार, त्यातले चार लिस्बनला, पाच इंग्लंडात स्विंडनला, दोन टोरोंटोला, एक मुंबईत धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गोवेकरांच्या सामाईक बिऱ्हाडात, राहून गेला आणि त्याचा पत्ता कोणाकडे नाही. 1961 आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळतं म्हणून अख्ख्या पिढ्या गेल्या, आणि गेले त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांत वाटणी करायची, केस कोर्टात घालायची तर सगळ्यांना नोटिसा, सगळ्यांच्या पॉवर ऑफ अॅटर्नी, वर्षांनुवर्षं. तोपर्यंत घरात राहणारी जी एक बहीण किंवा एक पुतण्या आहे त्याने छपरावर तीन लाख घालायचे आणि उद्या वाटणीत ते मिळतील याची खात्री नाही. कोण घालेल?

आणि जिथे भाडेकरू आहेत तिथे 1968 चा भाडे नियंत्रण कायदा. भाडेकरूला संरक्षण हवंच, मीसुद्धा भाड्याच्या घरात वाढलोय, पण काही घरांचं महिन्याचं भाडं आज दोन माणसांच्या फिश थाळीएवढंही नाही. मालक दुरुस्ती करत नाही कारण परवडत नाही आणि मनातून त्याला घर पडलं तर हवंच आहे, म्हणजे भाडेकरू जाईल. भाडेकरू करत नाही कारण घर त्याचं नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि घर मात्र जातंय. मुंबईत गिरगाव-परळच्या चाळींचं जे झालं तेच, फक्त इथे वर रंगीत भिंत आहे म्हणून लोकांना दिसत नाही.

मग यातून सुटका कशी होते? तिसरा माणूस येतो, दिल्लीचा, बंगळूरचा, कधी मुंबईचा, सगळ्या वारसांना शोधून काढतो, पैसे वाटतो, घर घेतो आणि तिथे गेस्ट हाऊस किंवा कॅफे काढतो. छप्पर नवीन होतं, भिंती सुंदर होतात, हे मान्य करायलाच पाहिजे, काहींनी काम इतकं छान केलंय की मीही तिथे कॉफी प्यायला बसलोय. पण गल्लीत दहा घरांपैकी सात गेस्ट हाऊस झाली की उरलेल्या तीन घरांतल्या माणसांना राहणं मुश्किल, पार्किंग नाही, रात्री दोनपर्यंत आवाज, पाणी कमी दाबाने, आणि शेवटी तेही विकून ताळगावला फ्लॅट घेतात. मग पोदेर कोणासाठी येणार, चॅपलच्या फेस्ताला वर्गणी कोण देणार. हे मी घाबरवायला सांगत नाही, खुद्द लिस्बनमध्ये आल्फामा नावाच्या जुन्या वस्तीत हेच झालं, इतकं की 2018 मध्ये तिथल्या पालिकेने आल्फामासारख्या काही भागांत नवीन टुरिस्ट भाड्याच्या घरांची नोंदणीच थांबवली. आपण ज्यांची नक्कल म्हणून फोंताइन्हास विकतोय ते मूळ लोक ब्रेक दाबून बसले आणि आपण अजून अॅक्सिलरेटरवर.

करता येईल का काही? येतं. पाँडिचेरीत दोन हजारच्या सुमारास इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेने वैसियाळ स्ट्रीट नावाच्या तमिळ गल्लीत घरमालकांबरोबर खर्च वाटून घेऊन अख्ख्या रांगेचे दर्शनी भाग दुरुस्त केले, मालकाने आपला वाटा घालायचा, प्रकल्पाने आपला. त्याला 2008 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिकचा पुरस्कार मिळाला. माझी तक्रार असली तर एवढीच की तोही दर्शनी भागाचाच कार्यक्रम होता. पण तत्त्व बरोबर, खासगी घराला सार्वजनिक पैसा अटी घालून देता येतो. (त्याच पाँडिचेरीत 2014 च्या पावसात सरकारी मालकीची जुनी 'मेरी', म्हणजे नगरपालिकेची इमारत, कोसळली. म्हणजे सरकार मालक असलं की घर वाचतं असंही समजू नका.)

पणजीत मला असं व्हायला हवं वाटतं. जुन्या वस्तीतल्या घरांच्या वारसाहक्काच्या केसेस वेगळ्या काढून वेळेत निकाली लावायच्या, आणि तोपर्यंत जो वारस घरात राहतो त्याला दुरुस्ती करायचा हक्क, झालेला खर्च घरावर बोजा म्हणून नोंदवायचा, वाटणीत आधी त्याला तो परत. छपराला आणि चुन्याच्या गिलाव्याला अनुदान, रंगाला एक रुपया नको, रंग माणूस आपला आपण मारतो. जुन्या भाडेकरूंच्या घरात अनुदान घेतलं तर भाडं टप्प्याटप्प्याने वाढेल आणि भाडेकरूला काढता येणार नाही असा सौदा. प्रत्येक गल्लीत किती घरं गेस्ट हाऊस होऊ शकतात त्याला मर्यादा. आणि चुन्याचं काम शिकवायचा एखादा छोटा वर्ग आयटीआयमध्ये, कारण पैसे असूनही गवंडी मिळत नाही ही आजचीच परिस्थिती आहे.

पैसा कुठून आणायचा हे विचारू नका, मांडवीत उभा आहे. संध्याकाळी बांदोडकर मार्गावर उभं राहिलं की समोर कॅसिनोच्या बोटी निऑन लावून बसलेल्या, त्यांच्याकडून सरकार वर्षाला कोट्यवधींची लायसन्स फी घेतं. बोटी नदीत असाव्यात की नसाव्यात हा वेगळा वाद, माझं मत नसाव्यात असं आहे, पण दर निवडणुकीत हलवू म्हणतात आणि त्या आहेत तिथेच आहेत. तोवर त्या फीचा एक ठरलेला हिस्सा नदीकाठच्या या जुन्या शहराच्या छपरांना द्यायला काय हरकत आहे. पणजी काही मोठी नाही, 2011 च्या जनगणनेत महापालिका हद्दीत जेमतेम 40 हजार माणसं, त्यातला जुना भाग आणखी छोटा. प्रत्येक घराची यादी करणं हे एका पावसाळ्यात होणारं काम आहे.

पाण्याचं एक राहिलंच. हे शहर दलदलीत भर घालून केलेलं आहे, टेकडीवरचं पाणी ओरेम आणि सांत इनेजच्या खाड्यांतून मांडवीत जायचं, भरतीला मागे यायचं, मधे मानशी, म्हणजे भरतीचं पाणी अडवणारी दारं, खाजन जमिनी, सगळी जुनी व्यवस्था. खाड्या गाळाने आणि सांडपाण्याने भरल्या, अल्तिन्योचे उतार कापले, वर काँक्रीट, आणि मग जुलैत भरती आणि पाऊस एकदम आला की मळ्यात आणि अठरा जून रस्त्यावर गुडघाभर पाणी. स्मार्ट सिटीच्या नावाखाली रस्ते कितीदा खोदले ते पणजीकरांना विचारा, आमच्यासारख्या येऊन-जाऊन असणाऱ्यांचेच हाल झाले, त्यांचं काय झालं असेल. चिऱ्याच्या घराचा पाया दरवर्षी पाण्यात बसणार असेल तर वरचं अनुदान कशाला, तेव्हा खाडी साफ करणं हेही हेरिटेजचंच काम आहे, त्याला वेगळं खातं असलं तरी.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. लोकांच्या टॅक्समधून खासगी मालकांची घरं का दुरुस्त करायची, त्यातले काही तर चांगले पैसेवाले, परदेशात बसलेले? म्हणूनच अटी पाहिजेत. घरात कोणीतरी कायम राहत असलं पाहिजे, मालक असो, पुतण्या असो की भाडेकरू. ठरावीक वर्षं विकायचं नाही, विकलं तर अनुदान व्याजासकट परत. बंद कुलपाच्या घराला काही नाही, उलट त्यावर घरपट्टी जास्त. आणि खासगी-खासगी म्हणताना हेही बघा की टुरिझमच्या जाहिराती, विमानतळावरचे बोर्ड, सगळीकडे याच खासगी भिंती वापरल्या जातात, तेव्हा कोणी मालकाची परवानगी मागत नाही की त्याला एक पैसा देत नाही.

आणि जे काय द्यायचं ते दसऱ्याच्या आसपास हातात पडू दे. आपल्याकडे अनुदान मंजूर होतं मार्चएंडला आणि मिळतं जूनमध्ये, तेव्हा कौलावर चढायला सुतार तयार नसतो.